तीन टकांचं पार्किंग

आवाज पुढच्या चाकांकडून येतो, एवढ्या एकाच गोष्टीवर त्या घरात सगळ्यांचं एकमत होतं. बाकी कुठल्या चाकाचा, कशामुळे, आणि त्याचं करायचं काय, यावर जेवताना रोज खडाजंगी. सूनबाईचा नवरा म्हणायचा, टायर बदल. सूनबाई म्हणायची, मामांना दाखवते. आणि सासूबाई म्हणायच्या, "वाजतंय तर वाजू दे की! तुमचं काय खातंय?"

आता गाडी साधीसुधी असती तर वाजू दिलीही असती. पण ती शिकवणीची गाडी. टपावर पाटी, पायाशी दोन-दोन ब्रेक, आणि दिवसभर एकामागून एक नवशिके तिच्या जिवावर उठलेले. सरळ रस्त्यावर ती अगदी साळसूद असायची. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की मात्र सुरू: टक... टक... टक.

गाडी शिकवायची ती सूनबाई, आणि गेले काही महिने तिचा भाव भलताच वधारला होता. तिची माणसं पार्किंगमध्ये नापासच होत नव्हती. गाडी मागे घेत घेत दोन काठ्यांच्या मधे घालायची, या कामात भल्याभल्यांना घाम फुटतो. तिचे विद्यार्थी एका दमात करून मोकळे. दुसरे शिकवणीवाले येऊन विचारायचे, बाई, करता तरी काय? सूनबाई म्हणायची, "काही नाही हो. पहिल्याच दिवशी सांगते, गाडीचं ऐकायला शिका." आणि घरी येऊन आरशासमोर जरा जास्तच वेळ उभी राहायची. राहू दे की! स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं काम, तिने नाही मिरवायचं तर कुणी मिरवायचं?

सगळे पास होत होते, घोडं अडलं होतं ते एकट्या सासूबाईंचं.

साठी उलटल्यावर बाईंना गाडी शिकायची हुक्की आली, असं शेजारीपाजारी म्हणायचे. हुक्की कसली डोंबलाची! सासूबाईंची थोरली बहीण, माई, टेकडीपलीकडच्या गावात राहायची. कमरेचं हाड मोडल्यापासून माईचं घराबाहेर पडणंच बंद झालं होतं. तिकडे थेट बस नव्हती, आणि मुलगा प्रत्येक वेळी एकच ऐकवायचा, "नेतो ना आई, या रविवारी नक्की." तो रविवार काही उगवत नव्हता. दोघी बहिणी रोज दुपारी फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवताना दोघीही रडायच्या. एक दिवस सासूबाईंनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि सुनेच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. "मला शिकव," म्हणाल्या. "माझ्याच बहिणीला भेटायला लोकांच्या तोंडाकडे बघत बसायचा कंटाळा आलाय मला."

आणि शिकल्या. जिद्दीने शिकल्या. पण परीक्षेचं नाव काढलं की काहीतरी व्हायचंच. पहिल्यांदा चढावर गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा थांबायच्या रेघेच्या पुढे गेल्या. तिसऱ्यांदा सगळं झकास जमलं, फक्त पार्किंग उरलं, तेही चाललं होतं, तर परीक्षकाने हात वर करून गाडी थांबवली. बाकीचे परीक्षक त्या आवाजाकडे काणाडोळा करायचे, पण या परीक्षकाला हसताना कुणी म्हणजे कुणी पाहिलं नव्हतं. शिकवणीवाले त्याला आपसांत गंभीरराव म्हणायचे. गंभीरराव खाली उतरले, पुढच्या चाकापाशी वाकले आणि म्हणाले, "हे काय वाजतंय? असल्या गाडीत मी परीक्षा घेत नाही. दुरुस्त करा, मग या."

चौथी तारीख मिळाली. सासूबाईंच्या शिकाऊ परवान्याची मुदतही त्याच आठवड्यात संपत होती, म्हणजे या खेपेला हुकलं की सगळं पहिल्यापासून. त्यांनी जाहीरच करून टाकलं, "या वेळी नाही झालं तर मी कानाला खडा लावला. परत त्या स्टेअरिंगला हात लावणार नाही." सासूबाई एकदा बोलल्या की बोलल्या. त्यामुळे सूनबाईने त्या आवाजाचा ध्यासच घेतला.

मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. गॅरेज त्यांचं, आणि बढायाही त्यांच्याच. "गाडी फाटकातून आत येऊ दे, मी आवाजावरून रोग सांगतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाडी दाखवायला नेताना सासूबाईंनी हट्टाने चावी आपल्याकडे घेतली. मामा शेजारी बसले, सूनबाई मागे. गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत सासूबाईंनी गाडी फिरवली, आणि आवाज? नावाला नाही!

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "गप आहे की नाही बिचारी?"

"आई, स्टेअरिंग पूर्ण वळवा ना! केवढा मोठा वळसा घेताय, बस चालवल्यासारखा."

"एरवी म्हणतेस सावकाश, आई, सावकाश. आता म्हणतेस वळवा. एक काय ते ठरव बाई."

सूनबाई मागे बसून चरफडत राहिली. मामांनी मात्र खाली उतरून टायरच्या खाचेत अडकलेला एक दगड उपटून काढला आणि दात काढणाऱ्या डॉक्टरसारखा उंच धरून दाखवला. "हा बघा चोर!" दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच वळणावर चोर पुन्हा हजर. मग मामांनी चाकाची झाकणं घट्ट बसवली. तरी टक टक. मग गाडी जॅकवर चढवली, चाक हातांनी गरगर फिरवलं, वरखाली हलवून पाहिलं, आणि बेअरिंगची शंका त्यांनी स्वतःच निकालात काढली. "बेअरिंग गेलं असतं तर घूंऽऽ असं वाजलं असतं, आणि वेग वाढेल तसं वाढलं असतं. हे तसलं दुखणं नाही." मग कसलं, ते मात्र सांगेनात. कसे सांगणार? गॅरेजला निघताना सासूबाई चावी सोडायला तयार नाहीत आणि त्यांच्या हातात गाडी काही केल्या वाजत नाही.

शेवटी परीक्षेच्या दिवशी सकाळी, सासूबाई अजून झोपल्या आहेत असं बघून, सूनबाई गाडी घेऊन एकटीच मामांकडे गेली. स्टेअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं आणि गाडी गोल गोल, गोगलगायीच्या चालीने फिरवायला लागली. मामा बॉनेटला हात लावून, कमरेत वाकून, चाकाबरोबर धापा टाकत चालले. टक. टक. टक.

"ऐकू आलं गं! डावं! डावं चाक!" मामा ओरडले. "आता उलटी फिरव." डावीकडे वळवल्यावर गाडी गपगार. "बरोबर! उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, म्हणून तेव्हाच बोंबलतं ते."

गाडी पुन्हा जॅकवर चढली. मामा खाली शिरले आणि आतूनच त्यांनी शीळ घातली. चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे काळंकुट्ट ग्रीस उडालेलं. ॲक्सलच्या टोकाला जो जॉइंट असतो, चाकाला फिरवतो आणि वळूही देतो, त्याच्यावरचं रबर फाटलं होतं. ग्रीस बाहेर, वाळू आत, आणि आतल्या गोळ्या पार खिळखिळ्या.

"मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो," मामा बाहेर येत म्हणाले.

"तुम्ही दगड म्हणाला होतात, मामा."

"मग? दगडानेच फाटलं असणार रबर!"

हा माणूस हार मानेल तर शपथ. पण काम मात्र चोख करायचा. नवा जॉइंट बसला, नवं रबर चढलं, आणि सूनबाईने गाडी इकडून तिकडून पूर्ण वळवून पाहिली. चकार शब्द नाही! इतकं बरं वाटलं तिला की घरी येईपर्यंत ती मोठमोठ्याने गात होती. सासूबाईंना आता कसलाच अडथळा नाही. गंभीररावांनी चाकाला कान लावून बसावं खुशाल.

घरी येताच तिने सासूबाईंना गाडीत घातलं आणि सरावाच्या मैदानात नेलं. तिथे रंगाच्या रिकाम्या डब्यांत काठ्या रोवून तिने पार्किंगची जागा केली होती. "एकदा करून दाखवा, आई. मग जेवू आणि निघू."

सासूबाईंनी गाडी मागे घेतली. स्टेअरिंग पूर्ण वळवलं. आणि मान तिरकी करून बसल्या. गाडी मागे जातेय, जातेय, सासूबाई तशाच बसलेल्या, आणि धडाम! काठी डब्यासकट आडवी.

"असू दे, पुन्हा."

पुन्हा धडाम. तिसऱ्यांदा तर पलीकडची काठी. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "आवाज कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला! मामांनी सकाळी काढून टाकला. तुम्हाला सांगितलं नाही, म्हटलं खूश व्हाल."

"मेले!" सासूबाईंनी स्टेअरिंग सोडून दोन्ही हात डोक्याला लावले. "अगं, मग आता मी मोजू काय?"

"मोजू? काय मोजता तुम्ही?"

"टक मोजते! पूर्ण वळवायचं, तीन टक होऊ द्यायचे, मग सरळ करायचं. गाडी बरोब्बर आत. तूच म्हणालीस ना, गाडीचं ऐकायला शिका? मी ऐकलं!"

सूनबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तरीच! तरीच ते गॅरेजमधले लांबलचक वळसे, तरीच तो चावीचा हट्ट. या वेळी परीक्षक दुसरा मिळेल या आशेवर बाईंनी आपला आवाज जिवापाड सांभाळला होता. आणि मग तिच्या मनात दुसरा विचार आला.

"आई, हे आणखी कुणाला सांगितलंत?"

सासूबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"आई."

"तो बँकेतला मुलगा फार घाबरला होता गं. त्याला सांगितलं. मग त्या नर्सबाईंना. त्यांनी पुढे कुणाला सांगितलं असेल तर मला माहीत नाही."

"म्हणजे सगळ्यांना!"

"गरीब बिचारे, नापास झाले असते."

घ्या! ज्याच्या जोरावर सूनबाई इतके महिने नाक वर करून फिरत होती, ती सगळी करामत एका फाटक्या रबराची. ती गाडीतून उतरली आणि आडव्या पडलेल्या डब्यावर जाऊन बसली. राग आला होता, लाजही वाटत होती. मग तिच्या डोळ्यांसमोर तो बँकवाला आला, स्वतःच्या नव्याकोऱ्या गाडीत मान तिरकी करून टकची वाट बघत बसलेला, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेचना. सासूबाई आधी बिचकल्या, मग त्याही हसायला लागल्या. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

हसून झाल्यावर दोघींनाही एकदमच आठवलं, की परीक्षा दुपारी आहे. सासूबाईंनी मामांना फोन लावला. मामा म्हणाले, त्यात काय, जुना जॉइंट इथेच पडलाय, परत बसवून देतो.

"बसव!" सासूबाई ओरडल्या.

"अजिबात नाही!" सूनबाईने फोन हिसकावून घेतला. "गंभीरराव गाडीला हात लावू देणार नाहीत. आई, माझ्याकडे बघा. टक कधी व्हायचा? चाक जरा फिरलं की. चाक फिरलं की गाडी सरकते. आणि सरकलेली गाडी आरशात दिसते. तुम्ही आरशात बघताच कुठे? डोळे मिटून घेता!"

"ऐकताना डोळे मिटतातच माणसाचे."

"उघडा. मागची काठी आरशाच्या कडेला दिसली, की तो पहिला टक. काठी मागच्या दाराच्या कडीपाशी आली, की दुसरा. पुढची काठी मागच्या काठीच्या रेषेत आली, की तिसरा, आणि तिथे सरळ करायचं."

सासूबाईंनी करून पाहिलं. जमेना. "आवाजाशिवाय माझं डोकंच चालत नाही गं," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, काठी आरशात दिसल्याबरोबर त्यांनी जीभ टाळूला लावून स्वतःच वाजवलं: टक. कडीपाशी आली, टक. रेषेत आली, टक. आणि गाडी थोडी वाकडी का होईना, आत! पुढच्या वेळी सरळ आत. जेवणाचं नाव दोघींनीही काढलं नाही. निघायची वेळ झाली तेव्हा सासूबाईंची जीभ दुखायला लागली होती, पण काठ्या सगळ्या उभ्या होत्या.

परीक्षेच्या मैदानाच्या कुंपणापाशी सूनबाई उभी राहिली. शेजारी मामा, इस्त्रीचा शर्ट घालून, आपल्या कामाचं कौतुक ऐकायला आलेले. चढ झाला, गाडी बंद पडली नाही. रेघेच्या अलीकडे थांबली. सूनबाईच्या जिवात जीव आला. आता पार्किंग.

गाडी मागे यायला लागली आणि मधेच थांबली. दार उघडलं. गंभीरराव उतरले, पुढच्या डाव्या चाकापाशी वाकले, निरखून पाहिलं, परत आत बसले. गाडी पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. गंभीरराव पुन्हा उतरले, आणि या वेळी तरातरा कुंपणाकडे आले.

"बाई, मागच्या वेळी काय सांगितलं होतं मी? आवाज तसाच आहे."

"अशक्य!" मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. "साहेब, माझ्या हातचं काम आहे. हवं तर चाकाखाली मान ठेवतो मी!"

 सूनबाईला कळलं होतं आवाज कुठला ते. सांगावं तर साहेब म्हणणार, ही काय परीक्षेची थट्टा लावलीय? न सांगावं तर गाडी परत पाठवणार, आणि सासूबाई पुन्हा कधीच या मैदानात पाय ठेवणार नाहीत. ती तोंड उघडणार, इतक्यात गाडीच्या खिडकीतून सासूबाईंचं डोकं बाहेर आलं.

"साहेब! गाडीला नाव ठेवू नका. आवाज माझा आहे."

"तुमचा?"

"टक," सासूबाईंनी वाजवून दाखवलं. "काठी आरशात दिसली की एक, कडीपाशी आली की दुसरा, रेषेत आली की तिसरा. त्याशिवाय मला जमत नाही. माझी बहीण घरात अडकून पडलीय हो, मला तिच्याकडे जायचंय. चुकलं असेल तर नापास करा, पण गाडी चांगली आहे."

गंभीररावांनी सासूबाईंकडे रोखून बघितलं. मिशी मात्र हलत होती, ती रागाने की कशाने ते कळायला मार्ग नव्हता. मग म्हणाले, "तोंडाने आवाज करू नये, असा नियम माझ्या तरी वाचनात नाही. पण चाक कुठलं आणि तुम्ही कुठल्या, ते मला कळायला हवं. मी बाहेर उभा राहतो. काच खाली ठेवा आणि मोठ्याने वाजवा."

गाडी मागे आली. टक! अख्ख्या मैदानाला ऐकू गेला. रांगेतली माणसं बघायला लागली. सूनबाईने मामांचा दंड इतका घट्ट धरला की ते "अगं, अगं" करायला लागले. टक! गाडी वळली. आरशात सासूबाईंचे डोळे चांगले टक्क उघडे दिसत होते. टक! स्टेअरिंग सरळ झालं, आणि गाडी दोन काठ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

गंभीररावांनी गाडीला एक फेरी मारली. एक काठी बघितली, दुसरी बघितली. "पास," म्हणाले, आणि घाईघाईने गाडीच्या मागे गेले. मागे जाऊन काय करत होते ते दिसलं नाही, पण त्यांचे खांदे गदागदा हलताना सगळ्यांनी पाहिले.

परवाना हातात पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सूनबाईने सगळ्यांच्या शिकवण्या रद्द केल्या आणि चावी सासूबाईंच्या हातात ठेवली. "मी येऊ सोबत?"

"कशाला?" सासूबाई म्हणाल्या आणि गेल्याही.

सूनबाईचं घरात लक्ष लागेना. टेकडीचा घाट, ती वळणं, समोरून येणारे ट्रक, नको नको ते मनात यायला लागलं. सकाळभर तिने एकच ओटा किती वेळा पुसला, तिचं तिला माहीत. शेवटी एकदाचा फोन वाजला.

"पोचले गं!" सासूबाईंचा आवाज. मागून वाऱ्याचा घोंघाट येत होता. "ऐक, दाराशी गाडी उभी केली आणि हॉर्न दिला, तर माई काठी टेकत आपली आपण उंबऱ्यापर्यंत आली. म्हणाली, कोण घेऊन आलं तुला? म्हटलं, मी! तर रडायलाच लागली वेडी. मग तिला गाडीत बसवली. कमरेला दोन उशा लावल्यात. आता गाडी कडेला थांबवून बोलतेय हं, काळजी करू नकोस."

"कडेला? कुठे चाललाय तुम्ही?"

"ते अजून ठरायचंय. माई म्हणते नदीकडे चल, मी म्हणते बाजारात चल."

"आई, त्यांची कमर! आणि परत कधी येणार?"

तिकडे काहीतरी झटापट झाली, दोन म्हाताऱ्या पोरींसारख्या खिदळल्या, आणि मग माईचाच खणखणीत आवाज आला. सूनबाईने तो आवाज इतका मोठा कधी ऐकलाच नव्हता.

"सूनबाई, आज आमची वाट बघू नका. आम्ही दोघी बाहेर आहोत!"